नवे घर की जुने घर? : एक विचार

'घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. आज शहरात घर बांधणारे थोडे, सदनिका विकत घेणारेच फार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत नवे घर घ्यावे, की कोणी राहिलेले घर त्याच्याकडून घ्यावे, हा प्रश्न त्यामुळे अनेक नोकरदार कुटुंबांपुढे उभा असतो. आमच्या घरीही वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीच्या निमित्ताने तो चर्चेला आहे. आयुष्यभराची बचत एकदाच खर्च व्हायची असल्याने त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम नव्या घराकडे पाहू. इमारतीचे सारे आयुष्य शिल्लक असते. उद्वाहन, वाहनतळ इत्यादी सोयी असतात. पैसेही कामाच्या प्रगतीनुसार हप्त्याहप्त्याने द्यावे लागतात. तथापि आपण घर घेत नसून घराचे वचन घेत असतो. हे वचन पाळले जावे म्हणून महाराष्ट्रात १९६३ साली सदनिकांविषयीचा कायदा झाला. पुढे २०१६ च्या केंद्रीय कायद्यान्वये १ मे २०१७ पासून 'महारेरा' हे प्राधिकरण काम करू लागले. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. करारनामा नोंदविल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर ५ वर्षांच्या आत संरचनेत दोष आढळल्यास विकासकाला तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. ताबा लांबला तर ग्राहकाला व्याज मागता येते. परंतु व्याज मिळाले म्हणून डोक्यावर छप्पर येत नाही.

येथे अर्थशास्त्रातील 'संधी खर्चा'ची कल्पना उपयोगी पडते. ताबा मिळेपर्यंत एकीकडे कर्जाचा हप्ता व दुसरीकडे घरभाडे, असा दुहेरी भार पडतो. शिवाय परवडणाऱ्या गटाबाहेरील, बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ६० लाखांच्या घरावर तो ३ लाख होतो. राहत्या घराच्या खरेदीवर हा कर नाही. मुद्रांक शुल्क मात्र दोन्हींना आहे.

जुन्या घराचा मोठा गुण म्हणजे ते डोळ्यांनी पाहता येते. पाणी किती वेळ येते, ऊन कोठून येते, पावसाळ्यात कोणती भिंत ओली होते, शेजार कसा आहे, हे चार वेळा जाऊन विचारता येते. घरभाडेही लवकर थांबते. पण नव्या घराचा धोका जसा भविष्यात, तसा जुन्याचा भूतकाळात असतो. पूर्वीचे सर्व करारनामे सलग आहेत काय, घरावर कर्ज आहे काय, संस्थेची थकबाकी आहे काय, जमीन संस्थेच्या नावावर झाली आहे काय, हे पहावे लागते. इमारत फार जुनी असेल तर बँक कर्जाची मुदत कमी करते आणि दुरुस्तीचा खर्च वाढत जातो.

दोन्ही बाबतींत एक कागद कळीचा आहे, तो म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा अधिक मजले चढविले गेले. लोक तेथे वर्षानुवर्षे राहिले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरविले. तेथे घर पहिल्याने घेतले की दुसऱ्याने, याने काहीच फरक पडला नाही. मजला तोच होता.

सारांश, ज्यांना राहायला जागा आहे व ज्यांची नोकरी बरीच वर्षे उरली आहे, त्यांना नव्या घरासाठी थांबणे परवडेल. जे भाड्याने राहतात आणि ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे, त्यांनी कागद स्वच्छ असलेले जुने घर पाहावे. आमच्या बाबतीत मला हाच मार्ग योग्य वाटतो.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे घरातले पहिलेच पदवीकडे निघालेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. आपल्या आई-वडिलांनी आजवर सांगतील तेथे विश्वासाने सह्या केल्या. घराच्या करारनाम्यावर सही होण्यापूर्वी तो ओळ न् ओळ वाचून त्यांना समजावून सांगणे, हे काम आता आपले आहे.