सतरा आणि साठ : वर्गत्रिपदीचे अवयव

उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे सरते आणि काठच्या गावांत गाळपेरीची जमीन उघडी पडते. ती पावलांनी मोजणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्यांचीच मुले आठवीत वर्गत्रिपदीच्या अवयवांपाशी अडखळतात आणि येथे अडलेले मूल दहावीच्या वर्गसमीकरणांना भिऊ लागते, हा आम्हा शिक्षकांचा अनुभव आहे. म्हणून हा पाठ आम्ही मैदानावर आरंभतो.

क्ष पावले बाजू असलेला चौरस तुकडा घ्यावा. त्याची लांबी १२ पावलांनी आणि रुंदी ५ पावलांनी वाढवावी. आता चार भाग दिसतात : मूळ चौरस क्ष², १२क्ष व ५क्ष अशा दोन पट्ट्या आणि कोपऱ्यातील १२ × ५ म्हणजे ६०. एकूण क्षेत्रफळ क्ष² + १७क्ष + ६०. अवयव पाडणे म्हणजे या क्षेत्रफळावरून पुन्हा लांबी-रुंदी शोधणे.

६० गुणाकार देणाऱ्या जोड्या अशा : १ व ६०, २ व ३०, ३ व २०, ४ व १५, ५ व १२, ६ व १०. पुष्कळ मुले ६ व १० येथेच थांबतात. गुणाकार जुळतो, परंतु बेरीज १६ भरते. दोन्ही अटी पाळणारी जोडी एकच, ५ व १२. तिच्या आधारे मधले पद फोडावे :

क्ष² + १२क्ष + ५क्ष + ६०
= क्ष(क्ष + १२) + ५(क्ष + १२)
= (क्ष + १२)(क्ष + ५)

शेवटचे पद ऋण असल्यास जोडीतील चिन्हे परस्परविरुद्ध असतात. क्ष² + ७क्ष − ६० चे अवयव (क्ष + १२)(क्ष − ५). या उदाहरणाचा इतिहास मोठा आहे. दोन संख्यांचा गुणाकार ६० आणि फरक ७, तर त्या संख्या कोणत्या, हा प्रश्न सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनियातील मातीच्या पाटीवर कोरला गेला. ती पाटी आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. उत्तर तेच : १२ आणि ५. मात्र तेथे ही विद्या मोजक्या लेखनिकांपुरती होती.

आपल्या गावांनीही असा काळ पाहिला. १९८० साली धरण पूर्ण झाले. बुडालेल्या जमिनीचे आकडे इतरांनी लिहिले आणि आपल्या अनेक वडीलधाऱ्यांनी त्याखाली अंगठा उमटविला. तो आकडा पडताळण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

म्हणूनच या पाठाची अखेरची पायरी आम्ही कधीही गाळू देत नाही. मिळालेल्या कंसांचा गुणाकार करावा आणि मूळ त्रिपदी परत येते का, हे विद्यार्थ्याने स्वतः पाहावे. ती आली, तर गुरुजींच्या ‘बरोबर’ची वाट पाहण्याचे कारण नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. सुट्टीत गावी याल तेव्हा आठवीतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन हा तुकडा काठीने मातीत आखावा.