बुलबुल : काव्यातला आणि कुंपणावरचा

गझलेच्या वाचकांना बुलबुल फार जवळचा. गुलाबावर जीव जडलेला, रात्ररात्र गाणारा हा पक्षी फारसी आणि उर्दू काव्यातून आपल्या कानी आला. परंतु त्या काव्यातला बुलबुल म्हणजे नाइटिंगेल. आपल्या कुंपणावर बसतो तो निराळ्याच कुळातला. तो रात्री गात नाही. आवाज प्रसन्न, पण तुटक. माझ्या मते या पक्ष्याचे खरे कर्तृत्व त्याच्या गाण्यात नसून खाण्यात आहे.

प्रथम ओळख. महाराष्ट्रात दोन जाती सर्रास दिसतात. पठारावर गावोगाव आढळणारा तो लालबुड्या बुलबुल. लांबी सुमारे २० सेंटिमीटर, डोके काळे, शेंडी आखूड, तपकिरी अंगावर खवल्यांसारखी नक्षी आणि शेपटीच्या बुडाशी खालून लाल रंग. मात्र पक्षी पाठमोरा उडाला की हा लाल रंग दिसत नाही. तेव्हा पांढरी कंबर आणि शेपटीचे पांढरे टोक पाहावे. दुसरा शिपाई बुलबुल, कोकणात व सह्याद्रीत विशेष. उंच टोकदार शेंडी, पांढरे गाल आणि डोळ्यामागे लाल ठिपका. शेपटीखाली तोही लालच असतो, म्हणून केवळ त्या खुणेवर विसंबू नये. पिलांना गालावरचा ठिपका नसतो. दोन्ही जातींत नर व मादी सारखेच दिसतात.

नावाचा घोटाळा शास्त्रज्ञांनीही केला आहे. लालबुड्याचे शास्त्रीय नाव पायक्नोनोटस कॅफर. लिनियसने १७६६ मध्ये हा पक्षी दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रदेशाचा समजून हे नाव ठेवले. पक्षी तिकडचा नाही; नाव मात्र अजून तेच आहे!

आता खाण्याविषयी. वड, पिंपळ, उंबर, घाणेरी, बागेतली पपई, बुलबुलाला काहीही चालते. माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते. लहान फळ तो सबंध गिळतो, दुसऱ्या झाडावर जाऊन बसतो आणि बी तेथे पडते. चंदनाच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. चंदन शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेतो. उघड्या माळावर एकटा तो नीट वाढत नाही. बुलबुल चंदनाची काळपट फळे खाऊन बी टाकतो ती नेमकी दुसऱ्या झाडाखाली. कुंपणाच्या निंबाखाली कोणी न लावलेले चंदनाचे रोप दिसले, तर लावणारा बहुधा असाच कोणी पंखवाला असतो.

पण हाच माळी घाणेरीही पेरतो. अमेरिकेतून शोभेसाठी आणलेले हे झुडूप डोंगरउतारांवर माजले, त्यात बुलबुलाचा हातभार मोठा. फिजी, हवाई अशा बेटांवर माणसाने नेऊन सोडलेला लालबुड्या तर फळबागांना आणि रानाला डोईजड झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी २००० साली जगातल्या १०० उपद्रवी परक्या जीवांची यादी केली. तीत पक्षी अवघे तीन, आणि त्यांत आपली साळुंकी व हा बुलबुल! त्याला दुष्ट ठरवणे मला पटत नाही. घाणेरी आणली माणसाने, बुलबुलाला बेटावर नेले तेही माणसानेच.

एवढा फळखाऊ पक्षी, तरी पिलांना तो प्रामुख्याने किडे व अळ्या भरवतो. वाढत्या अंगाला प्रथिने हवीत. घरटे वाटीसारखे, झुडपात किंवा व्हरांड्यातल्या कुंडीतही असते. गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची दोन-तीन अंडी असतात. अंडी उबून पिले उडेपर्यंत साधारण महिना जातो. तेवढे दिवस कुंडीला पाणी कडेने घालावे, आणि मांजराला तो व्हरांडा बंद ठेवावा.