होडी वळत का नाही?

निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी संदेशाने चालणारी होडी लोकांना दाखवली. आता तशी छोटी होडी शाळेतली मुलेही बांधतात. ती तळ्यात सोडली, की एक प्रसंग हमखास येतो. होडी वेगाने घाटाच्या पायऱ्यांकडे जाऊ लागते, तुम्ही घाबरून मोटर बंद करता आणि मग सुकाणू फिरवता. होडी वळत नाही, सरळ जाऊन आदळते. सगळे सुकाणूला दोष देतात. चूक मात्र मोटर बंद करण्यात झालेली असते.

सुकाणू ही पाण्यात उभी धरलेली पट्टी. तिच्यावरून वाहणारे पाणी एका बाजूला वळते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार होडीचा मागचा भाग दुसऱ्या बाजूला रेटला जातो. हा रेटा प्रवाहाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला, तर रेटा पावच उरतो. म्हणूनच सुकाणू बहुधा पंख्याच्या मागे, त्याच्या झोतात बसवतात. मोटर थांबली की झोत थांबला! तेव्हा वेग कमी करा, पण पंखा फिरता ठेवूनच वळा. सुकाणूही भलतेच तिरपे करू नका. साधारण ३५ अंशांपलीकडे पट्टीमागे भोवरे उठतात आणि होडी वळण्याऐवजी नुसती मंदावते.

सुकाणू सरळ असतानाही होडी डावीकडे जाते का? मग पंखा पाहा. मागून पाहताना तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर होडीचा मागचा भाग उजवीकडे सरकतो आणि पुढचे टोक डावीकडे वळते. शिवाय पंख्याला फिरवताना होडीला उलटा पीळ बसतो व तिची डावी कड खाली दबते. बॅटरी किंचित उजवीकडे सरकवा. तरीही फरक उरला, तर सुकाणूची मधली स्थिती थोडी बदला.

बॅटरी पुढेमागे सरकवण्यात खरी गंमत आहे. वजन फार पुढे गेले, तर वेगात टोक पाण्यात रुतते आणि वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो. फार मागे गेले, तर टोक उचलले जाऊन उड्या मारू लागते आणि वळण ऐसपैस होते. बॅटरी एका वेळी अर्धा सेंटिमीटरच हलवा, तिची जागा पेन्सिलीने आखून ठेवा आणि प्रत्येक वेळी त्याच वेगाने डावे व उजवे असे एकेक वर्तुळ काढून पाहा. त्या फेरीत सुकाणूला मात्र हात लावू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.