बारामती-इंदापूरचा उन्हाळा : सरासरी हवामान आणि त्यातील टोके

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. याच जिल्ह्यातील लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीवर बहुतेक पाणी रिते करून पुढे आलेले वारे या दोन तालुक्यांना जेमतेम ५०० ते ६०० मि.मी. पाऊस देतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला नीरा डावा कालवा आणि १९८० मध्ये पूर्ण झालेले भीमेवरील उजनी धरण यांमुळे येथे ऊस, द्राक्षे व डाळिंबे पिकू लागली. शेतीचे रूप पालटले, तरी उन्हाळ्याचा स्वभाव पालटलेला नाही. म्हणून तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

सरासरी म्हणजे काय?

एखाद्या ठिकाणच्या तीस वर्षांच्या नोंदींवरून जे मध्यममान काढतात, त्यास हवामानशास्त्रात सामान्य मान म्हणतात. भारतीय हवामान विभाग सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड आधारभूत मानतो. एप्रिल व मे महिन्यांत या भागातील दुपारचे कमाल तापमान साधारणतः ३८ ते ४० अंश सेल्सिअस असते. हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन मोठे होते आणि विहिरी व शेततळी झपाट्याने आटतात.

तापमानाची सरासरी बहुतांशी विश्वासार्ह असते, कारण दरवर्षीचे आकडे तिच्या आसपासच राहतात. उन्हाळी पावसाचे तसे नाही. समजा, एखाद्या गावी दहा वर्षांपैकी नऊ वर्षे मे महिना कोरडा गेला आणि दहाव्या वर्षी २०० मि.मी. पाऊस झाला, तर सरासरी २० मि.मी. भरेल. परंतु २० मि.मी. पाऊस त्या गावाने एकाही वर्षी पाहिलेला नसेल. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात फळ्यावर सोडवून दाखवावे.

उष्णतेची लाट

मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक झाले, किंवा पारा ४५ अंशांवर पोहोचला, तर उष्णतेची लाट मानतात. म्हणजे सरासरी ३९ अंश असलेल्या ठिकाणी ४२ अंश तापमान या व्याख्येत बसत नाही. ऊसतोड मजुरास वा रस्त्याच्या कामावरील स्त्रीस मात्र तेही घातक ठरू शकते. इशाऱ्याची वाट न पाहता कामाच्या वेळा सकाळी व सायंकाळी ठेवणे, सावली व पिण्याचे पाणी पुरविणे हे त्यामुळेच आवश्यक ठरते.

वळवाचे वारे

तापलेल्या जमिनीवरील हवा वर चढते. तिला समुद्राकडून आलेल्या बाष्पाची जोड मिळाली की दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. ढगातील थंड हवा वेगाने खाली कोसळून चहूकडे पसरते; तोच वळवाआधीचा सोसाट्याचा वारा होय. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी उजनी जलाशयात अशाच वाऱ्याने उलटली. सहा जणांचा अंत झाला. त्यांत बालकेही होती. जलाशयाच्या काठावरील गावांना होडी हाच जवळचा मार्ग वाटतो. मे महिन्यात ढग दाटून येताच तो बंद ठेवणे आणि एरवीही प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे देणे, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे.

पुढच्याच वर्षी पावसाने दुसरे टोक गाठले. २०२५ मध्ये मोसमी वारे १ जून या नेहमीच्या तारखेऐवजी २४ मे रोजीच केरळात दाखल झाले. २५ मे रोजी बारामती व इंदापूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, पिंपळी-लिमटेक परिसरात नीरा डावा कालवा फुटला, घरांत व शेतांत पाणी शिरले आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पाठवाव्या लागल्या. ज्या काळात टँकरची चिंता करावयाची, त्याच काळात लोकांना पाण्यातून बाहेर काढावे लागले. १ मि.मी. पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. १०० मि.मी. पावसाने एका हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी येते. ओढे बुजविलेले असतील, तर त्याने जावे कोठे?

गावाने काय करावे?

सरासरीचा उपयोग पिकांचे व पाण्याचे नियोजन करण्यासाठी आहे. सुरक्षिततेची तयारी मात्र टोकाच्या हवामानाचा विचार करूनच करावी लागते. मोसमपूर्व कामे जूनवर न ढकलता एप्रिलअखेर संपवावीत : ओढे व मोऱ्या मोकळ्या करणे, कालव्याच्या भरावाची पाहणी करणे, शाळेचे पत्रे बांधून घेणे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागावे, म्हणजे विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ही मोजणी अभ्यासापुरती आणि पक्क्या घरातूनच करावी. गडगडाट ऐकू येताच झाडाखालून निघून अशा घरात जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' उपयोजन विजेची पूर्वसूचना देते. ते ग्रामसेवक, शिक्षक व मेंढपाळ यांच्या भ्रमणध्वनीत असावे.

प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक व एक नोंदवही असावी. विद्यार्थ्यांनी रोज सकाळी साडेआठ वाजता केलेली नोंद गावाला आपल्या हवामानाची सरासरी सांगेल. त्याच वहीतील सर्वांत मोठा आकडा गावाने कशासाठी सज्ज राहावे, हेही सांगेल.