'वायुगळती झाली' : या वाक्याचा कर्ता

भोपाळविषयीचा कुठलाही मराठी लेख उघडा. '२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात वायुगळती झाली' अशा धाटणीचे वाक्य त्यात हमखास सापडते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. प्रयोग शिकवताना मी हेच वाक्य फळ्यावर लिहितो आणि कर्ता विचारतो. विद्यार्थी 'वायुगळती' म्हणतात. उत्तर बरोबर असते, आणि तरीही त्यातून काहीच कळत नाही.

'गळणे' अकर्मक. छप्पर गळते, पाने गळतात. कोणाला काही करावे लागत नाही. त्याचे सकर्मक रूप 'गाळणे' इथे कामाचे नाही. आपण चहा गाळतो, परीक्षेत रिकाम्या जागेसाठी शब्द गाळतो. विषारी वायू कोणी गाळत नाही. उरते ते 'गळू देणे'. हे रूप घेतले की लिहिणाऱ्याला पुढचे सांगावेच लागते : कोणी, कसा गळू दिला?

६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. ते थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद ठेवलेली होती. निसटता वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू धुऊन निर्विष करणारे संयंत्र एवढ्या लोटापुढे पुरे पडणारे नव्हते. टाकीत पाणी शिरले कसे, यावर वाद आहे. कंपनी घातपात म्हणते. पाणी कोणीही सोडलेले असो, यंत्रणा बंद ठेवणारे हात त्याने बदलत नाहीत. भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के भाग मूळ अमेरिकी कंपनीकडे होते, हेही त्याच परिच्छेदात यायला हवे.

न्यायालयात तर शब्दाची किंमत वर्षांत मोजली गेली. आरोप सदोष मनुष्यवधाचा होता, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कलम ३०४-अ वर आणला : हयगयीने मृत्यू घडवणे, जास्तीत जास्त दोन वर्षे. 'पथ्याची हयगय करू नका' असे आपण घरात म्हणतो. तोच हा शब्द. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि जामीनही दिला. मूळ कंपनी या खटल्यात हजरच झाली नाही.

वाचलेल्यांच्या वाट्याला विशेषणे आली. १९८९ च्या तडजोडीत ४७ कोटी डॉलर ठरले. पुढे दावे तपासताना बहुसंख्यांची इजा 'किरकोळ' वा 'तात्पुरती' या रकान्यांत गेली आणि अनेकांच्या हाती मूळ भरपाई म्हणून २५,००० रुपये पडले. ज्याची फुप्फुसे पुढे आयुष्यभर साथ देत नाहीत, त्याच्या कागदावर 'तात्पुरती' हे विशेषण कायमचे राहिले. वाढीव भरपाईसाठी सरकारने २०१० मध्ये केलेली क्युरेटिव्ह याचिका १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली.

इंदूरच्या शिक्षकमित्रांसाठी ताजा उतारा जवळच आहे. २०२५ च्या जानेवारीत कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला 'हलवण्यात आला' आणि पुढे तिथे 'जाळण्यात आला'. दोन्ही वाक्ये वर्गात कर्तरी प्रयोगात लिहायला द्यावीत. हलवणारे सरकार, खर्च सरकारी तिजोरीचा. कचरा निर्माण करणारी कंपनी कुठल्या वाक्यात बसवायची, ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.