संगणकजाळ्यातील बिघाड : शोध कोठून सुरू करावा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने राउटरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज आता संगणकावरूनच भरावा लागतो, आणि ज्यांच्या घरी संगणक नाही अशा आम्हां मुलांना संगणक कक्षाचाच आधार असतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी जाळे बंद पडले तर नुकसान कोणाचे, हे सांगावयास नको.

उसाला पाणी पोचले नाही तर माझे वडील थेट नदीवरच्या मोटारीकडे धावत नाहीत. सरीपासून पाटाच्या कडेने वर चालत जातात. पाट फुटला असेल तर वाटेतच सापडतो. जाळ्याचा शोधही असाच आपल्या यंत्रापासून सुरू करावा.

प्रथम तार पाहावी. तार खोचलेल्या जागेचा दिवा लागत नसेल, तर पुढचे सारे व्यर्थ. दिवा लागला तर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता आलेलाच नाही; यंत्राने तो आपल्या मनाने घेतला आहे. पत्ता ठीक असेल तर 'पिंग' या आज्ञेने राउटरला हाक मारावी, मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, शेवटी नावाला. आकडा ओ देतो आणि नाव देत नाही, तर रस्ता शाबूत आहे. नावाचा आकडा शोधून देणारी डीएनएस ही सोय बिघडली आहे.

सर्वांत चकविणारा बिघाड मात्र निराळाच. जुन्या जाळ्यात कोणीतरी वायफायसाठी दुसरा राउटर आणून त्याच स्विचला जोडतो. पुष्कळ राउटरांचा मुळातला पत्ता १९२.१६८.१.१ हाच असतो, आणि दोघेही यंत्रांना पत्ते वाटू लागतात. एका गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे असल्यावर पोस्टमनची जी त्रेधा उडेल, तीच येथे उडते. चार यंत्रे चालतात, सहा चालत नाहीत. दुसऱ्या दिवशी चालणारी वेगळीच! यंत्र बंद-चालू केल्याने कधीकधी जमते, म्हणून लोक तेवढेच करीत बसतात. त्याऐवजी चालणाऱ्या व न चालणाऱ्या यंत्रावर 'एआरपी -ए' ही आज्ञा देऊन राउटरच्या पत्त्यासमोरचा यंत्रक्रमांक ताडून पाहावा. दोन ठिकाणी दोन निघाले की चोर सापडला. दुसऱ्या राउटरला १९२.१६८.१.२ असा एखादा मोकळा पत्ता द्यावा, त्याचे पत्तेवाटप बंद करावे आणि यंत्रांना नव्याने पत्ते घेऊ द्यावेत.

जुने जाळे सांभाळण्याची दगदग आपल्या जिल्ह्याला नवी नाही. वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याची 'वायर्ड व्हिलेज' योजना १९९८ साली हाती घेण्यात आली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांना दिसले, की गावच्या संगणकांवरून प्रत्यक्षात मुख्यतः उसासंबंधीची थोडीशी माहितीच ये-जा करते. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरचे लघुसंदेश वापरून पाहिले, आणि काम चालले. दुरुस्तीपूर्वी 'यातून जायचे आहे तरी काय?' हे त्यांनी विचारले, ते मला फार पटते. अर्जाला लागते ते थोडेच. म्हणून मुदतीच्या दिवशी एका यंत्राला कोणाच्या तरी मोबाइलचे इंटरनेट द्यावे, रांगेतल्यांचे अर्ज भरून घ्यावेत, आणि फुटका पाट संध्याकाळी शोधावा.