पाणी आपलं गाव मागं ठेवतं

बेटा, धरमपेठेत कॉफीचं दुकान टाकलंस, दोन ग्रुपचं मशीन आणलंस, त्याला हळदकुंकूही वाहिलंस. बिया कूर्गच्या की चिकमगळूरच्या, यावर तू तासभर बोलतेस. पाणी कुठलं विचारलं की गच्चीकडे बोट दाखवतेस. म्हणून मामा हे लिहून पाठवून राहिलाय. मशीनशेजारी चिकटव, पण वाफ लागणार नाही असं.

१. टाकीत काय येतं ते पाहून घे — नळाचं पाणी पेंच-कन्हानचं, पण ते कमी पडलं की चौकीदार बोअर सुरू करतो, आणि तुला विचारत नाही.

२. जडपणा पट्टीनं मोज, टीडीएसच्या पेनानं नाही — पेन सगळ्या क्षारांची गोळाबेरीज दाखवतो, त्यात चुना किती ते सांगत नाही. पट्ट्या मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम जडपणा भारतीय मानकाला चालतो, दुसरी सोय नसेल तर ६०० सुद्धा. कॉफीवाले मात्र साधारण ५० ते १७५ मध्येच राहा म्हणतात. माणूस पचवतो ते मशीन पचवत नाही.

३. घाबरून सगळं आरओवर नेऊ नकोस — अगदी कोऱ्या पाण्यातून वीज धड जात नाही, मग बॉयलरमधल्या पातळी पाहणाऱ्या काडीला पाणी असून दिसत नाही आणि बॉयलर भरतच राहतो. असं पाणी तांब्या-पितळेलाही लागतं, आणि कॉफी पांचट होते ती वेगळीच. त्यापेक्षा सॉफ्टनर बसव आणि त्यात मीठ वेळेवर घाल. बिनमिठाचा सॉफ्टनर म्हणजे नुसता डबा.

४. रोज दुकान बंद करताना गरम पाण्याच्या तोटीतून लिटर-दोन लिटर पाणी काढून टाक — सगळ्यात जास्त फायद्याची सवय हीच, आणि हीच कुणी लावून घेत नाही. दिवसभर तू दुधासाठी वाफ घेतेस. वाफ एकटी निघून जाते, क्षार आतच राहतात, वरून नवं पाणी नवे क्षार घेऊन येतं. त्यात तापलेल्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड उडाला की उरतो तो न विरघळणारा चुना, आणि तो बसतो थेट कॉइलवर. उकळतं पाणी आपलं गाव मागं ठेवून जातं. ते गाव रोज थोडं थोडं रिकामं कर. फक्त गर्दीच्या वेळी काढू नकोस — दाब उतरतो.

५. दूध तापवायच्या आधी आणि नंतर वाफेची नळी फुर्र कर — थंड होताना ती दूध आत ओढते.

६. रोज बिनभोकाची जाळी लावून पावडरनं ग्रुप धुतेस ते छानच — पण तो कॉफीच्या तेलाचा मळ, चुन्याचं ती पावडर काही वाकडं करत नाही. तेलाला खारं, चुन्याला आंबट.

७. दोन ग्रुपपैकी एकाची धार बारीक झाली तर त्याच दिवशी मेकॅनिकला फोन कर — आतलं पाणी सोडणारं भोक मिलिमीटरहूनही लहान असतं, ते आधी बोलतं.

८. केटल आणि गरम पाण्याचा डबा तू घरीच साफ कर: कोमट पाण्यात लिटरला २०-२५ ग्रॅम लिंबूसत्त्व, अर्धा तास — उकळत्या पाण्यात चुना आणि लिंबूसत्त्वाचा जो क्षार बनतो तो विरघळायला कुरकुरतो. थर जाड असेल तर पुन्हा नवं पाणी कर. सुरीनं खरवडू नकोस. खरं लिंबूही पिळू नकोस, गर तोटीत अडकतो. ॲल्युमिनियमचं भांडं असेल तर हात आखडता घे, आंबट त्याला लागतं.

९. मोठा बॉयलर मात्र मेकॅनिककडूनच, उघडून — तू आम्ल सोडलंस की खपल्या सुटतील आणि त्याच बारीक भोकात जाऊन बसतील. हौस वेगळी, पाना वेगळा.

१०. लग्नसराईत वाफेचं कॉफी मशीन लॉनवर भाड्यानं देतेस ना? सीझनच्या आधी त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घे — लॉनवर मिळेल ते पाणी त्यात भरतात, आणि चुन्यानं चिकटलेला व्हॉल्व्ह नेमका दाब वाढल्यावर उघडत नाही. या एका कामात माझ्याशी हुज्जत नको.

११. संडासाचं ॲसिड मशीनजवळ आणू नकोस, आणि कुठलंही आंबट ब्लीचिंगमध्ये मिसळू नकोस — पहिलं स्टील खातं, दुसऱ्यातून क्लोरीन निघतो.

१२. लिंबूसत्त्वानं धुऊन झालं की शेवटचं पाणी कपात घेऊन चिमूटभर खायचा सोडा टाक — फसफसलं तर आंबट अजून आत आहे, आणखी एकदा पाणी फिरव. गप्प राहिलं तर शटर उघड.